लुगड्याने मोजलेला डोंगर

आधीच सांगून टाकते, ब्रिटनमध्ये धनुष्यबाणाने शिकार करायला कायद्याने बंदी आहे. नागपूरला ताईला फोनवर म्हटलं, "आम्ही वेल्सला तिरंदाजीला जाऊन आलो," तर तिचा पहिला प्रश्न, "बिचाऱ्या हरणांना मारता की काय गं तिकडे?" हरणं असतात, पण फोमची. रानात झाडाआड, ओढ्यापलीकडे, डोंगराच्या कुशीत उभी करून ठेवलेली. अंतर कुठेही लिहिलेलं नसतं. जमिनीत ठोकलेल्या खुंटीपाशी उभं राहायचं, नजरेने अंतर ठरवायचं आणि बाण सोडायचा. अंतर चुकलं की बाण गेलाच. या खेळाला फील्ड आर्चरी म्हणतात आणि माझे यजमान सुधीर गेली बारा वर्षं त्याच्या नादी लागलेले आहेत. मी नाही. मी डबा घेऊन बरोबर जाते.

आठ महिन्यांपूर्वी सुधीरच्या डाव्या डोळ्यातली रक्तवाहिनी तुंबली आणि त्या डोळ्याची नजर गेली. उजवा ठीक आहे. नेम ते उजव्याच डोळ्याने धरतात, त्यामुळे नेम शाबूत राहिला. गेलं ते अंतर. कप इथे आहे, पायरी तिथे संपते, हे दोन डोळे मिळून न विचारता सांगत असतात, ते एकट्या डोळ्याला जमत नाही. डॉक्टरांनी हरकत घेतली नव्हती तरी सुधीरने गाडी चालवणं सोडलं. मग कॉव्हेंट्रीतल्या मराठी मंडळात जाणं सोडलं. धनुष्य जिन्याखालच्या कपाटात व्हॅक्युम क्लीनरच्या मागे गेलं. चौतीस वर्षं कौन्सिलच्या रस्ते विभागात इंजिनिअर म्हणून खड्ड्यांवरून लोकांशी भांडलेला हा माणूस खिडकीशी बसून राहायला लागला, आणि मला ते बघवेना.

आमची मुलगी मुक्ता हॅरोला असते. जन्म इथलाच, त्यामुळे तिच्या मराठीत स्त्रीलिंग-पुल्लिंग ज्याला जिथे जागा मिळेल तिथे बसतं. ती म्हणाली, "आई, तू बाबाला एक रेंजफाइंडर घे ना. अँगल-कॉम्पेन्सेटिंगवाली. माझी ऑफिसमधला मित्र अमेरिकेत बो-हंटिंग करते, तो बोलतो, डोंगरावर तीच पाहिजे. बाबाची एक डोळा खराब झाला, पण नंबर तर वाचू शकते ना तो."

तर हे यंत्र म्हणजे तळहातात मावणारी एकनळी दुर्बीण. डोळ्याला लावून बटण दाबलं की समोरच्या वस्तूचं अंतर आत लाल आकड्यात दिसतं. आमचं जास्त शहाणं होतं. चढ-उतारावर ते आपण किती वाकडं धरलंय तेही ओळखतं आणि खाली दुसरा एक आकडा दाखवतं. बाण त्या दुसऱ्या आकड्याच्या हिशेबाने मारायचा म्हणे. या दुसऱ्या आकड्याला काही अर्थ आहे का, यावर अमेरिकेतले शिकारी इंटरनेटवर इतके हमरीतुमरीवर आलेले असतात की मी पंधरा दिवस भाजी चिरता चिरता तेच वाचत होते. अर्धे म्हणतात, याच्याशिवाय रानात पाऊल टाकू नका. उरलेले म्हणतात, निव्वळ खेळणं आहे. मी निर्णय न करता यंत्र मागवून टाकलं.

शुक्रवार

सुधीरचा जुना क्लबमित्र ग्लिन निवृत्त होऊन आपल्या गावी, मध्य वेल्समध्ये, परत गेला आहे. तिथल्या छोट्या क्लबची रविवारी मैत्रीची स्पर्धा होती आणि त्याने दोघांना बोलावलं होतं. सुधीर चक्क "हो" म्हणाले. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

गाडी मीच चालवली. माखिनलेथपर्यंत ठीक होतं. (हा उच्चार मी आमच्या मुक्कामाच्या घरमालकिणीसमोर चार वेळा केला आणि चारही वेळा तिने मायेने दुरुस्त केला.) पुढे रस्ता इतका अरुंद झाला की दोन्ही बाजूंची झुडपं आरशांना लागायला लागली. एका वळणावर समोरून ट्रॅक्टर आला. मागे घेण्याची पाळी माझी. मी रिव्हर्स घेते आहे, मागून एक मेंढी रस्त्यात येऊन उभी राहिली आहे, आणि शेजारी बसलेले सुधीर मान वळवून अंतर सांगायला बघतायत. "अजून घे, अजून घे, अजून..." धप्प. मेंढी बाजूला झाली होती, गाडी दगडी कुंपणाला टेकली होती. बंपरला नुसता ओरखडा आला. पण सुधीर त्यानंतर मुक्कामापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

घरमालकीण गोड बाई होती. आल्या आल्या तिने चहाबरोबर तव्यावरून उतरवलेले वेल्श केक दिले. बेदाणे घातलेली, वर साखर भुरभुरलेली जाड गोड टिक्कीच ती. आपल्याकडे असती तर सोबत लोणचं आलं असतं. ते मी बॅगेतून काढलं.

तेवढ्यात ग्लिनचा फोन आला. सुधीरने स्पीकरवर घेतला. सगळी चौकशी झाल्यावर ग्लिन म्हणाला, "आणि धनुष्याची काळजी करू नकोस. शेडमध्ये नवशिक्यांच्या सामानात जागा केली आहे. नीट वापरलं जाईल."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "कोणतं धनुष्य?"

"माझं." सुधीर केकवरची साखर बोटाने गोळा करत होते. "रविवारी इथेच ठेवून जायचंय. क्लबला देतोय. कपाटात पडून राहण्यापेक्षा कुणीतरी यूज करेल."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू आली असतीस का?"

म्हणजे हे खेळायला आले नव्हते, निरोप घ्यायला आले होते. मी उठून कप धुवायला घेतले. घरमालकीण "अहो राहू दे, राहू दे" अशा अर्थाचं इंग्रजीत काहीतरी म्हणत राहिली, पण मला हाताला काम हवं होतं. धनुष्य गेलं की त्याच्या मागोमाग आणखी काय काय जाईल, ते मला त्या सिंकपाशी उभं राहून एकेक करून दिसत होतं.

शनिवार, डोंगरावर

शनिवारी सरावाचा दिवस. त्या दिवशी यंत्र चालतं, स्पर्धेत नाही. जुन्या पाटीच्या दगडांच्या खाणीभोवतीचं रान क्लबने भाड्याने घेतलं आहे. ओकची बुटकी झाडं, त्यांच्या खोडांना हिरवं शेवाळ, पायाखाली पाटीचे करकरणारे तुकडे. पाऊस पडत नव्हता, नुसता हवेत होता.

ग्लिन सत्तरीचा. अंगाने ओंडका, आवाजाने मात्र अगदी मऊ. तो आमचं यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं बघत होता. त्याच्याकडे साधं होतं, कोनाचा हिशेब न करणारं.

पहिली चार लक्ष्यं सपाटीवर होती. सुधीरने यंत्र डोळ्याला लावलं, आकडा वाचला, धनुष्य ओढलं, बाण सोडला. कोल्हा लागला. ससा लागला. बदक लागलं. मी टाळ्या वाजवल्या. पाचव्या खुंटीपाशी त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं.

"नको?"

"यंत्र सांगतं, मी मारतो. मग माझं काम काय त्यात?" ते म्हणाले. "ट्वेल्व्ह इयर्स मी डोळ्याने जज करत होतो, सुषमा. तेच तर खेळणं होतं. हे म्हणजे क्रॉसवर्ड मागची उत्तरं बघून भरायचं."

रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. ते अगदी शांतपणे म्हणाले. मग मी काहीतरी करायचं म्हणून, विषय बदलायचा म्हणून, समोरच्या फोमच्या हरणाकडे बघत म्हटलं, "तीन लुगडी."

"काय?"

"तीन लुगडी लांब आहे ते. सत्तावीस वार."

आता हे वाचकांना समजावून सांगायला हवं. इथले तिरंदाज अजून यार्डात मोजतात. यार्ड म्हणजे आपला वार. आणि वार म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते, नऊवारी. नागपूरच्या घरी आई आणि दोन्ही काकू लुगडी नेसायच्या. रोजची तीन लुगडी गच्चीवर वाळत घालायचं काम ताईचं आणि माझं. ओल्या लुगड्याचं एक टोक तिने धरायचं, एक मी, आणि ताणून पीळ काढायचा. अख्खं बालपण मी नऊ वार लांब उभी असलेली ताई बघितलेली आहे. ती तिथून केवढी दिसायची, तिच्या वेणीची रिबन कशी दिसायची, हे मी मेल्यावरही विसरणार नाही. त्यामुळे समोर काहीही असलं तरी मी मनातल्या मनात एक ताई उभी करते, तिच्यापुढे दुसरी, तिच्यापुढे तिसरी. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काय आहे त्यात?

सुधीरने माझ्या हातातलं यंत्र घेऊन बघितलं. सत्तावीस.

"फ्लूक," ते म्हणाले.

पुढच्या लक्ष्याला मी म्हटलं, "दोन लुगडी आणि वर एक ब्लाउजपीस. एकोणीस." यंत्र म्हणालं, एकोणीस. ग्लिनला मी हा प्रकार इंग्रजीत समजावून सांगितला. त्याने लुगडं म्हणजे काय ते नीट विचारून घेतलं आणि टोपी काढून मला सलाम केला. सुधीरच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. आठ महिन्यांत मी ते पाहिलं नव्हतं.

"पुढचं यंत्र न बघता," ते म्हणाले. "तुझ्या नंबरवर मारतो. बघू."

पुढचं लक्ष्य खाणीच्या भिंतीवर होतं. जवळजवळ जिन्यासारखा चढ, आणि वर कपारीत फोमचा रानबोकड. मी चढावर एकापुढे एक ताया उभ्या केल्या. चार लुगडी, अगदी काठाला काठ. "छत्तीस," मी ठणकावून सांगितलं.

सुधीरने छत्तीसचा हिशेब धरून बाण सोडला. बाण बोकडाच्या पाठीवरून वीतभर उंच गेला आणि मागच्या नेच्यांमध्ये गडप झाला.

माझं तोंड उतरलं. आत्ता कुठे हसायला लागलेल्या माणसाला मी खोटा आकडा दिला होता. ग्लिनने त्याचं साधं यंत्र लावलं आणि म्हणाला, "छत्तीस. बाईंचं बरोबर आहे." मी आमचं लावलं. वर लाल आकडा, छत्तीस. त्याच्या खाली दुसरा आकडा, तीस.

"हे सहा वार कुठे गेले?" मी विचारलं. मला खरंच राग आला होता. माझं लुगडं पूर्ण होतं आणि हे मेलं यंत्र म्हणत होतं की सहा वार कमी.

मग एक गोष्ट घडली, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे. सुधीर खाली उकिडवे बसले. पाटीच्या दगडाचा एक अणकुचीदार तुकडा त्यांनी उचलला आणि ओल्या मातीत एक तिरकी रेघ ओढली.

"हे तुझं लुगडं," ते म्हणाले. "चढावर घातलेलं. छत्तीस. करेक्ट. आता वरून सूर्य बरोबर डोक्यावर आहे असं समज. या लुगड्याची सावली खाली सपाट जमिनीवर किती पडेल?" त्यांनी तिरक्या रेघेच्या टोकापासून सरळ खाली एक रेघ आणली आणि मग पायथ्याशी आडवी. "एवढीच. तीस. बाणाला खाली ओढतं त्याचं वजन. आणि ते वजन ही सावलीच मोजतं, तुझं तिरकं लुगडं नाही. तू मला छत्तीसचा नंबर दिलास, मी बाण छत्तीस वार लांब जाईल असा उचलून मारला. त्याला पडायला मिळाले तीसच. म्हणून वरून गेला."

"म्हणजे ताई जिन्यावर उभी राहिली तर लुगडं तेवढंच, पण सावली आखूड."

"एक्झॅक्टली!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की झाडातून दोन कावळे उडाले. "आता सांग, उतारावर काय होईल? टार्गेट खाली दरीत असेल तर?"

"बाण खाली पडेल. कमी पडेल."

"नो! सावली तेव्हाही आखूडच. तेव्हाही वरूनच जाणार. चढ असो, उतार असो, बाण नेहमी वर चुकतो. लोकांना इथेच कळत नाही."

मला ते पटायला वेळ लागला आणि आमचं तिथे चांगलं दहा मिनिटं भांडण झालं. ग्लिन दगडावर बसून पाइपसारखी दिसणारी एक काडी चघळत आमच्याकडे बघत होता. त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण सुधीर भांडतायत एवढं त्याला कळत होतं आणि तोही खूश दिसत होता.

दुपारी खाणीच्या जुन्या झोपडीत डबा उघडला. तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं. ग्लिनने आपल्या चीजच्या सँडविचमध्ये लोणचं असं सराईतपणे थापलं, जसं काही त्याची आई रोज तेच द्यायची. मी त्याला सरळच विचारलं, "तुम्ही एवढी वर्षं खेळता. हे कोनाचं यंत्र घ्यावं की नाही, खरं सांगा."

"सपाटीवर काहीच उपयोग नाही," तो म्हणाला. "झाडावरच्या मचाणावरून वीस वारांवर मारणारे लोक ते घेतात, त्यांचं तर मला हसू येतं. तिथे फरक पडतो एखाद्या वाराचा, तेवढा तर आपला हातही हलतो. पण उतार खडा असेल आणि अंतरही लांब असेल, दोन्ही एकदम, तर मात्र फरक पडतो. तुम्ही आज बघितलात."

मग तो म्हणाला, "मी एकदा खरी शिकार केली आहे. इथे नाही. मेव्हण्याकडे, अमेरिकेत, डोंगरात. हरीण खाली घळीत होतं. या साध्या यंत्राने अंतर घेतलं, पंचेचाळीस. मला वाटलं, बस. मी कड्याच्या काठावरून जवळजवळ पायाखाली बघत होतो, हे लक्षातच घेतलं नाही. बाण वीतभर वर लागला. लागला, पण जिथे लागायला हवा तिथे नाही. ते पळालं. आम्ही अंधार पडेपर्यंत शोधलं आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण दिवस शोधलं. सापडलं नाही."

त्याने सँडविच खाली ठेवलं होतं.

"इथे फोमचा बोकड चुकला तर आपण हसतो. तिथे ती वीत त्या जनावराला भोगावी लागते. मला विचाराल तर, जिवावर बाण सोडणाऱ्याने हे यंत्र घ्यावं. नाहीतर जवळ जाऊन मारावं. नाहीतर मारूच नये. मी तिसरं निवडलं."

सुधीरने आपल्या डब्यातली शेवटची पुरी त्याच्या हातात ठेवली. तर इंटरनेटवरच्या त्या भांडणाचं उत्तर मला हे असं मिळालं, आणि मला ते पुरलं.

रविवार

स्पर्धेत यंत्र चालत नाही. ग्लिनने सकाळी क्लबच्या लोकांना सुधीरच्या डोळ्याचं सांगितलं. सगळे लगेच तयार झाले, की यांना वापरू द्या, काय हरकत आहे. सुधीरने मान हलवली. "सवलत नको."

"मग बायको चालेल का?" ग्लिनने विचारलं. "नियमात यंत्र म्हटलं आहे. बायको यंत्र नाही."

जमलेल्यांमध्ये हशा पिकला. सुधीरने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, याही गोष्टीला नाही म्हणणार.

"बोल," ते म्हणाले. "पण लुगडं आडवं धर."

दिवसभर मी ताया उभ्या केल्या. सपाटीवर सरळ आकडा. चढावर आधी तिरकं लुगडं मोजायचं, मग मनातल्या मनात त्याची सावली पाडायची. कधी जमलं, कधी नाही. ओढ्यापलीकडच्या अस्वलाला मी चार वार कमी सांगितले, कारण पाणी मध्ये आलं की जवळ वाटतं हे मला ठाऊक नव्हतं. गच्चीवर ओढा नव्हता. सुधीरने बाण ओढ्यातून काढला, बूट भरले, आणि पुढचा तासभर पचपच आवाज करत चालले. आमच्या गटात ग्लिन आणि आणखी दोघं होते. आमच्या आकड्यांच्या भांडणांमुळे त्यांना प्रत्येक खुंटीपाशी थांबावं लागत होतं, पण ते इतके सभ्य की कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. आपल्याकडे कुणीतरी म्हणालं असतं, वहिनी, घरी जाऊन भांडा.

शेवटचं लक्ष्य खाणीच्या तळाशी होतं. फोमचं रानडुक्कर, खड्या उताराच्या पायथ्याशी. बाकीच्यांचं झालं होतं आणि ते लक्ष्यापासून लांबच्या पायवाटेने खाली उतरायला लागले होते. वर आम्ही दोघंच उरलो. मी मोजलं, सावली पाडली. "सव्वीस."

सुधीरने धनुष्य उचललं. दोरी गालापर्यंत ओढली. धरून ठेवली. मग बाण न सोडताच हळूहळू परत पुढे आणली आणि धनुष्य खाली केलं. दमले असतील असं मला वाटलं.

"उजवा पण गेला तर, सुषमा?"

आठ महिन्यांत त्यांनी हे एकदाही म्हटलं नव्हतं. आणि आठ महिने माझं उत्तर तयार होतं. काही होत नाही, डॉक्टर म्हणालेत ना, बीपीची गोळी घेताय ना वेळेवर. ते सगळं तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं.

"मला पण भीती वाटते," मी म्हटलं. "रोज वाटते. सकाळी तुम्ही चहाचा कप बरोबर धरता का ते मी ओट्यापाशी उभी राहून बघत असते."

"माहितीये मला. म्हणून तू पाठ फिरवलीस की मी आधी बोटाने कपाचा काठ चाचपून घेतो."

मला रडू आलं. त्यांनाही आलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून जाकिटाच्या बाहीला पुसला, आणि हवेतल्या त्या पावसात चष्मा पुसून काही उपयोग नव्हता. इतके दिवस एकाच स्वयंपाकघरात आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. मी त्यांच्या दंडाला धरून उभी राहिले.

"गेला तर," मी म्हटलं, "आता अंतर सांगते, तेव्हा दिशाही सांगेन. अजून डावीकडे, जरा वर, आता सोडा."

"आणि मी ऐकेन असं वाटतं तुला?"

"आजपर्यंत नाही ऐकलंत. तेव्हा ऐकाल."

खालून ग्लिनने हात हलवून विचारलं, सगळं ठीक आहे ना? सुधीरने त्याला हात केला. मग चष्मा चढवला, पाय नीट रोवले.

"परत सांग. किती?"

"सव्वीस."

बाण डुकराच्या अगदी शेपटीपाशी लागला. त्याला सगळ्यात कमी गुण. खाली उतरेपर्यंत सुधीर बडबडत होते, की सव्वीस नव्हतंच, चोवीस होतं, मी सावली नीट पाडली नाही, उतारावर मी नेहमी घाई करते. मी म्हटलं, बाण आडवा चुकलाय, त्याचा अंतराशी काय संबंध? ते म्हणाले, संबंध असतो.

शेडपाशी ग्लिन दार उघडं धरून उभा होता. आत नवशिक्यांच्या धनुष्यांच्या रांगेत एक खुंटी रिकामी होती. त्याने हात पुढे केला.

"नाही ग्लिन, राहू दे," सुधीर म्हणाले. "हिचं अंतर अजून फार कच्चं आहे." आणि बॅग खांद्याला अडकवून ते माझ्या पुढे गाडीकडे चालायला लागले.